बदलून मिळणारी झाडं

ऑगस्टमध्ये मुलाकडे आठवडाभर राहून आले. पुण्यातच, पण शहराच्या दुसऱ्या टोकाला, बाराव्या मजल्यावर. नवं घर, नवं फर्निचर, आणि त्या फर्निचरला शोभतील अशी झाडं. मोजली मी, चौदा कुंड्या. दारात शू रॅकवर दोन, पॅसेजमध्ये तीन, टीव्हीच्या दोन बाजूंना दोन, आणि बाकीची हॉलच्या आतल्या कोपऱ्यात, जिथे खिडकीचा उजेड दुपारी बारालाही पोचत नाही. इंटिरियरवाल्याने त्या कोपऱ्याला काहीतरी खास नावही दिलं होतं, ते मी विसरले.

पॅसेजमधला क्रोटन मला पहिल्याच दिवशी दिसला. लाल-पिवळ्या पट्ट्यांचा, चांगला कंबरेएवढा. म्हणजे असावा कधीकाळी. आता त्याच्या खालच्या अर्ध्या दांड्याला पानच नव्हतं आणि कुंडीतल्या पांढऱ्या गोट्यांवर चार पानं गळून पडली होती. मी नातवाला म्हटलं, "अरे, हा मरतोय. ह्याला गॅलरीत नेऊ या का?" नातू चौथीत आहे. मोबाइलवरून मान वर न करता म्हणाला, "आजी, टेन्शन नको घेऊ. ते बदलून मिळतं."

खरंच मिळतं. चौकशी केली तेव्हा कळलं की ही झाडं विकत घेतलेली नाहीत, महिन्याच्या ठराविक पैशांवर आणलेली आहेत. पंधरा दिवसांनी एक मुलगा येतो, पानांना चकाकी आणणारा फवारा मारतो, जे झाड मान टाकतंय ते उचलतो आणि तसंच दुसरं ठेवून जातो. घरातल्या कुणालाही काही करावं लागत नाही. कुणाला काही कळावंही लागत नाही.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात हे एकच वाक्य घोळतंय, "ते बदलून मिळतं." म्हणून हा लेख. राग आहे, हे आधीच कबूल करते.

पण आधी माझी स्वतःची जुनी चूक सांगायला हवी, नाहीतर हा लेख म्हणजे नुसता म्हातारीचा फणकारा होईल. मी ज्या घरात वाढले तिथे झाड म्हणजे उपयोग. तुळस, कढीपत्ता, गवती चहा, देवाला जास्वंद, आणि मोरीच्या पाण्यावर अळू. फूल नाही, फळ नाही, पूजेला चालत नाही आणि भाजीलाही चालत नाही असं झाड लावणं म्हणजे रिकामपणचे उद्योग. सातारा जिल्ह्यात शिक्षिका म्हणून लागले तेव्हा आमच्या शाळेच्या शिपाईमामांनी तेलाच्या पत्र्याच्या डब्यांमध्ये क्रोटन लावले होते. मी त्यांना हसले होते. "मामा, ह्यांचं करायचं काय?" असंही विचारलं होतं.

मामा फार बोलत नसत. त्यांतला एक डबा जिन्याखाली होता, त्याची पानं नुसती हिरवी, मळकट. मामांनी तो उचलून झेंड्याच्या कट्ट्याजवळ नेला. एकदम उन्हात नाही. आधी आठ दिवस कडुनिंबाच्या सावलीत, मग सकाळच्या उन्हात, मग पुढे. म्हणाले, "बाई, ह्याला ऊन दाखवा, मग रंग बघा." जुनी पानं होती तशीच राहिली, पण दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा भरली तेव्हा शेंड्याला आलेली नवी पानं पिवळी होऊन त्यांच्या शिरा लालभडक झालेल्या होत्या. भूगोलाच्या तासाला विषुववृत्तीय वनं शिकवताना मी मुलांना फळ्यावरून उठवून त्या डब्यापाशी घेऊन गेले होते. त्या वर्षापासून माझ्याकडे क्रोटन आहे.

तर सांगायचा मुद्दा हा. रंगीत पानाचा रंग हा भिंतीच्या रंगासारखा नसतो. तो एकदा लावला की राहिला, असं होत नाही. तो झाडाने रोज मिळवलेला असतो. पानात हरितद्रव्य असतं, त्याच्या जोडीला लाल-जांभळी आणि पिवळी-केशरी रंगद्रव्यं असतात. क्रोटन आणि बहुतेक कोलियस भरपूर उजेडात ही रंगद्रव्यं भरभरून तयार करतात. उजेड कमी पडला की नवं पान हिरवं येतं, कारण झाडाला आता नटायचं नसतं, जगायचं असतं. पांढऱ्या-पिवळ्या ठिपक्यांच्या मनीप्लांटचं गणित तर आणखी सोपं आहे. पानाच्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य जवळजवळ नसतंच, म्हणजे तो भाग खातो पण कमावत नाही. अशा झाडाला साध्या हिरव्या झाडापेक्षा जास्त उजेड लागतो. अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा, पुढची पानं हिरवीच येतील.

म्हणजे बघा, रंगासाठी झाड आणायचं आणि जिथे रंग टिकणारच नाही अशा जागी ठेवायचं. ह्याला सजावट कशी म्हणायची? गाणाऱ्याला घरी बोलवून त्याच्या तोंडात बोळा कोंबण्यासारखं आहे हे.

"पण ही सावलीतली झाडं आहेत," असं मला तो झाडं बदलणारा मुलगा म्हणाला. बिचाऱ्याला जसं सांगितलंय तसं तो सांगतो. सावलीतली म्हणजे अंधारातली नव्हे. कॅलेडियम, मरांटा, कॅलेथिया, रंगीत पानांचे बेगोनिया ही झाडं दाट जंगलात मोठ्या झाडांखाली वाढणारी, भर उन्हात त्यांची पानं करपतात हे खरं. पण जंगलातली सावली म्हणजे वरच्या पानांमधून दिवसभर गाळून आलेला उजेड. आपला हॉल म्हणजे जंगल नाही. आपले डोळे फार लबाड असतात, ते अंधाराला लगेच सरावतात. बाहेर भर उन्हात उजेड मोजला तर साधारण १,००,००० लक्स भरतो. संध्याकाळी दिवे लावलेल्या आपल्या हॉलमध्ये शे-दीडशे लक्स असतो. हजारपट फरक! आपल्याला पेपर वाचता येतो म्हणून आपण म्हणतो, छान उजेड आहे. झाडाला पेपर वाचायचा नसतो, त्याला त्या उजेडावर स्वयंपाक करायचा असतो.

मग त्या अंधारात पाणी. अंधारातलं झाड पाणी कमी पितं, आणि आपण मात्र दर रविवारी मोजून एक तांब्या ओततो. वरून देखणी चिनी मातीची कुंडी, खाली भोक नाही, माती गच्च, तिच्यावर पांढरे गोटे, म्हणजे माती ओली की कोरडी हे बोट घालून बघायचीही सोय नाही. मुळांनाही हवा लागते. शेतकऱ्याला विचारा, तो वापसा आल्याशिवाय रानात पाय ठेवत नाही. आपण मात्र मुळांना बारा महिने चिखलात उभं करतो आणि ती कुजली की म्हणतो, आमच्या हाताला झाडं लागत नाहीत. हाताचा काही दोष नसतो हो. कुंडीला भोक नसतं.

आता एक गंभीर गोष्ट. टीव्हीच्या बाजूला जी दोन झाडं होती ती डिफेनबेकियाची. मोठी, हिरव्यावर दुधी शिंपण केल्यासारखी पानं, दिसायला फार सुंदर. आणि माझी धाकटी नात दहा महिन्यांची. रांगते, हाताला लागेल ते तोंडात घालते. ते खालचं पान बरोबर तिच्या तोंडाच्या उंचीला होतं.

डिफेनबेकिया आपल्या अळूच्या कुळातला आहे. कॅलेडियम आणि मनीप्लांटही त्याच कुळातले. कच्च्या अळूने घसा का खाजतो हे मराठी माणसाला सांगायला नको. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, म्हणून तर आपण अळू नीट शिजवतो आणि त्यात चिंच घालतो. डिफेनबेकियातही हेच स्फटिक भरपूर असतात. चावलं तर तोंडाची आग होते, जीभ आणि घसा सुजतो, बोलणं बंद होतं. इंग्रजीत त्याला मुकं करणारी काठी अशा अर्थाचं नावच आहे. लहान मुलाला घसा सुजणं म्हणजे किती धोक्याचं ते वेगळं सांगायला नको. क्रोटनच्या चिकानेही काहींच्या कातडीला आणि पोटाला त्रास होतो.

चौदा झाडं घरात आणून ठेवणाऱ्यांपैकी एकानेही हे सांगितलं नव्हतं. झाडाचं नावच कुणाला माहीत नव्हतं. त्यांच्या कागदावर त्या झाडाचा नुसता नंबर आणि उंची होती.

मी दोन्ही कुंड्या उचलून गॅलरीत उंचावर ठेवल्या. संध्याकाळी मुलगा घरी आला आणि म्हणाला, "आई, तुला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय आहे. हॉलचा लूक गेला." मी गप्प बसले. रात्री सूनबाईंनी स्वतःच मोबाइलवर वाचलं आणि येऊन म्हणाली, "आई, बरं केलंत." पण मुलाचं ते "लूक गेला" मनात राहिलंच.

मग त्याने त्याचं हुकमी पान टाकलं. "अगं, पण ह्या झाडांनी घरातली हवा शुद्ध होते. नासाने सिद्ध केलंय." हे वाक्य इतक्या घरांतून ऐकलंय की त्याचा समाचार घेतलाच पाहिजे. नासाचा तो अभ्यास १९८९ सालचा. त्यात झाडं छोट्या, हवाबंद पेट्यांमध्ये ठेवली होती. आपण हवाबंद पेटीत राहत नाही, आपल्याकडे दारं-खिडक्या असतात. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा अनेक अभ्यासांचा एकत्र हिशोब मांडला. हवा एरवी खेळती राहून घराबाहेर-आत जेवढी बदलते, तेवढंच काम झाडांकडून करून घ्यायचं तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील, असं त्यातून निघालं. बारा बाय बारा फुटांच्या खोलीत कमीत कमी सव्वाशे-दीडशे कुंड्या! मग आपण बसायचं कुठे? त्यापेक्षा खिडकी उघडा. फुकट आहे.

मला ह्यात दुसरंच वाईट वाटतं. झाड सुंदर आहे म्हणून घरात ठेवलं असं म्हणायची आपल्याला लाज वाटते, म्हणून आपण त्याला कामाला लावतो. हवा शुद्ध कर, पैसा आण, वास्तुदोष घालव. (मनीप्लांट तर चोरून आणला तरच पैसा येतो म्हणे! म्हणजे सुरुवातच चोरीने.) माझ्या लहानपणीचं "उपयोग काय?" हेच नव्या कपड्यात परत आलंय.

दुसऱ्या बाजूनेही मला बोलणी बसतात, तीही सांगते. माझी एक मैत्रीण देशी झाडांचं मोठं काम करते. ती म्हणते, "तुझे ते क्रोटन आणि कोलियस सगळे परके. ना त्यावर फुलपाखरू अंडं घालत, ना पाखरू बसत. टाकून दे, आणि देशी लाव." तिचं निम्मं मला पटतं. टेकडीवर, रस्त्याकडेला, शाळेच्या आवारात देशी झाडंच हवीत. शोभेसाठी म्हणून आणलेली घाणेरी आज आपल्या रानोमाळ कशी माजली आहे ते डोळ्यांसमोर आहे. म्हणूनच मी म्हणते, घरातला नको झालेला मनीप्लांट टेकडीवर फेकू नका, मोठ्या झाडावर चढला की तो हातभर पानांचा होऊन बसतो. पण बाराव्या मजल्यावरच्या खिडकीत वड-पिंपळ लावता येत नाहीत. तिथे जावा बेटांकडचा कोलियस, ब्राझीलकडचं कॅलेडियम सुखाने नांदत असेल तर नांदू दे. मिरची, बटाटा आणि पेरूही समुद्रापलीकडून आले, आपण त्यांना घरचं केलंच ना? परकेपणा झाडाच्या जन्मगावावर ठरत नाही. आपण त्याची ओळख करून घेतली की नाही, ह्यावर ठरतो.

आणि सजावटीला माझा विरोध नाही. उलट मी म्हणते, खरी सजावट करा. आधी झाडासाठी जागा शोधा, मग जागेसाठी झाड. पूर्वेच्या खिडकीत सकाळचं कोवळं ऊन येतं, तिथे कोलियस आणि क्रोटन लावा. दक्षिणेच्या गॅलरीत तर क्रोटन पेटल्यासारखा दिसतो. खिडकीपासून दोन हात आत, ऊन न लागणाऱ्या पण उजेडाच्या जागी बेगोनिया आणि कॅलेथिया. जिथे काहीच जगणार नाही तिथे चित्र लावा, समई ठेवा, रिकामी जागा ठेवा. रिकामा कोपराही छान दिसतो. सगळीच रंगीत पानं एकत्र कोंबली तर जत्रा होते. एका भडक क्रोटनच्या मागे दोन-तीन साधी हिरवी झाडं ठेवा, मग त्याचा लाल बघा. आजेसासूबाईंचं पितळी घंगाळ माळ्यावर पडलं असेल तर ते घासून बाहेर काढा, आणि भोकाची साधी कुंडी त्याच्या आत ठेवा. पाणी घालताना बाहेर काढायची, निथळली की परत आत. घंगाळात किंवा ताटलीत पाणी साचू देऊ नका, पावसाळ्यात डेंग्यूचे डास तिथेच होतात. पानावरची धूळ ओल्या फडक्याने पुसा, खालून एका हाताचा आधार देऊन. चकाकीचा फवारा नको. पुसताना पानाची पाठ बघितली जाते, कीड लागली असेल तर तिथेच दिसते. कोलियसचे शेंडे खुडत राहा, म्हणजे तो लांबट न होता भरदार होतो.

आणि कॅलेडियमसाठी एक खास विनंती. थंडीत त्याची पानं मलूल होतात, वाळून जातात. ते मेलेलं नसतं, झोपलेलं असतं. मातीखाली कंद असतो. पाणी तोडा, कुंडी कोरड्या जागी सरकवा, आणि उन्हाळा सरताना परत पाणी द्या. पहिल्या पावसाच्या आगेमागे गुलाबी सुरळी वर येते. माझा एक कंद अकरा वर्षं असा झोपतोय आणि उठतोय. महिन्याच्या करारावर झाडं ठेवणाऱ्यांच्या घरात ही गंमत कधीच घडायची नाही, कारण तिथे झोपलेलं झाड दुसऱ्याच आठवड्यात कचऱ्यात गेलेलं असतं.

माझा खरा वाद आहे तो इथे. झाड मेलं ह्याचं मला एवढं वाईट वाटत नाही. पन्नास वर्षांत माझ्या हातून कितीतरी झाडं मेली. पाणी जास्त झालं, पिठ्या ढेकूण वेळेवर दिसला नाही, गावाला गेले. पण प्रत्येक वेळी का मेलं ते मला शोधावं लागलं, आणि पुढचं झाड थोडं शहाणपणाने लावलं गेलं. बदलून मिळणाऱ्या झाडात हे शोधणंच काढून टाकलंय. चौथीतल्या मुलासमोर दर पंधरा दिवसांनी एक जीव मरतो आणि त्याच जागी हुबेहूब तसाच दुसरा येतो. तो काय शिकेल? तो हेच शिकेल की आपल्या हातून काही मरत नाही, फक्त जुनं होतं. मी आयुष्यभर शिकवलं आहे. पुस्तकात नसलेलं मुलं किती भरभर शिकतात ते मला चांगलं ठाऊक आहे.

निघताना मी तो पॅसेजमधला क्रोटन मागितला. त्या मुलाला हिशोबात अडचण आली, कारण परत नेल्याची नोंद करावी लागते. शेवटी सूनबाईंनी त्याचे पैसे भरले. रिक्षात पायांशी धरून आणला. आता माझ्या गॅलरीत आहे, आधी सावलीत, आता सकाळच्या उन्हात. पाच पानं शिल्लक आहेत. शेंडा मऊ नाही, एवढीच आशा.

जाताना नातवाला कोलियसच्या तीन फांद्या देऊन आले होते, पेराखाली कापून, खालची पानं काढून, पाण्याच्या ग्लासात. आठवड्याने त्याचा फोन आला. दोन फांद्यांना पांढरी मुळं फुटली होती. तिसरी काळी पडली होती. "आजी, दुसरी पाठव ना."

म्हटलं, नाही पाठवणार. आधी ती का कुजली ते बघून सांग. थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "थांब, ग्लास घेऊन येतो."